डिझेल कुठून आणलं?

"पण मला सांग, एवढी विमानं समुद्रापार न्यायची म्हणजे डिझेल किती लागलं असेल? आणि ते आणलं कुठून?"

काकांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी खो खो हसलो. विमानात डिझेल घालत नाहीत, एवढं मेकॅनिकलच्या थर्ड इयरला पोचलेल्या मुलाला माहीत असतं (थर्मोमध्ये केटी असली तरी). पण हसू ओसरल्यावर लक्षात आलं की उत्तर माझ्याकडेही नाही. ज्या गेमची स्टोरी मी हॉस्टेलवर 'जबरदस्त' म्हणून निदान दहा जणांना ऐकवली होती, ती नवापूरच्या ओट्यावर पहिल्याच प्रश्नाला गपकन बसली.

गोष्ट गेल्या जूनमधली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोट किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवलेली आणि काका दिवसभर ओट्यावर जाळी दुरुस्त करत बसलेले. पाऊस सुरू झाला की आमच्याकडे लाइट जाणार हे ठरलेलं. (शेजारी अख्खं अणुवीज केंद्र असताना! यावर गावात इतके विनोद आहेत की आता कुणी हसत नाही.) माझ्या लॅपटॉपची बॅटरी तासभर टिकते. ती संपली की काकांना गोष्ट सांगायची, कारण खेळताना ते मागे उभे राहून बघत असत आणि अर्धवट गोष्ट त्यांना सोसत नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी बोईसरला कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. गेममधले संवाद मला इंग्रजीत ऐकू येतात आणि इंग्रजीतच पटतात. काकांसाठी मात्र प्रत्येक वाक्य मराठीत आणावं लागलं आणि भाषांतरात निम्म्या गोष्टींची हवाच गेली. 'दे वेंट डार्क' म्हटलं की अंगावर काटा येतो. 'मग ते कुणालाही न सांगता निघून गेले' म्हटलं की काका विचारतात, "का नाही सांगितलं?" (काका बोलतात ती आमच्या किनाऱ्यावरची मांगेली. ती मला बोलता येते, लिहिता येत नाही. म्हणून त्यांचं बोलणं इथे माझ्याच मराठीत. चूकभूल माझी.)

तर मी सांगत होतो ती गोष्ट 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २'ची. हा गेम २००९ चा. माझ्या लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे माझं सगळं गेमिंग करिअर जुन्या गेम्सवरच चालू आहे. हॉस्टेलवर बरेच जण याच नावेत आहेत, त्यामुळे स्टोरी माहीत असेलच. नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आधीच्या भागात (२००७) मध्यपूर्वेतल्या एका देशात अणुबॉम्ब फुटतो आणि शेफर्ड नावाच्या अमेरिकन जनरलचे तीस हजार सैनिक एका क्षणात मरतात. ते शल्य घेऊन हा शेफर्ड दुसऱ्या भागात येतो. तो आपला एक सैनिक मकारोव्ह या रशियन अतिरेक्याच्या टोळीत पेरतो. टोळी मॉस्कोच्या विमानतळावर साध्या प्रवाशांवर बेछूट गोळीबार करते आणि आपण, म्हणजे खेळणारा, त्या टोळीतूनच चालत असतो. शेवटी मकारोव्ह त्या पेरलेल्या सैनिकाला गोळी घालतो आणि प्रेत तिथेच टाकून जातो. रशियाला वाटतं, हे अमेरिकेनेच केलं. झालं, रशियन फौज पॅराशूटने थेट व्हर्जिनियाच्या सोसायट्यांमध्ये आणि बर्गरच्या दुकानांवर उतरते. अमेरिकेच्या उपग्रहाचं एक मॉड्यूल रशियाच्या हाती लागलेलं असतं, म्हणून ही विमानं येताना कुणाला दिसतच नाहीत. पुढे शेफर्ड आपल्याच रोच आणि घोस्टला गोळ्या घालतो. हा मोठा ट्विस्ट.

काकांचं लक्ष ट्विस्टकडे नव्हतंच. ते अजून विमानांपाशी अडकले होते.

"मध्ये समुद्र कुठला?"

"अटलांटिक."

"तिथे मासे आहेत?"

"भरपूर."

"म्हणजे बोटी असणार. रडारला नाही दिसलं तरी माणसाला दिसतं. एवढी विमानं डोक्यावरून गेली आणि एकानेही किनाऱ्याला वायरलेस केला नाही?"

मग पुढचा प्रश्न, उतरलेल्या सैनिकांनी दुसऱ्या दिवशी खाल्लं काय? काका आठ दिवसांच्या फेरीला निघतात तेव्हा डिझेल, बर्फ, पाणी, तांदूळ, कांदे-बटाटे आणि खलाशांची विडीकाडी याचा हिशेब आधी होतो, जाळं नंतर चढतं. पिशवीत काय आहे हे न बघता माणूस घराबाहेर पडतो हे त्यांना पटेना. तिसऱ्या भागाची (२०११) सुरुवात हिमाचल प्रदेशात होते हे ऐकून मात्र ते खूश झाले. "आपल्याकडे? दाखव!" दाखवलं. हिमाचलच्या गल्ल्यांमधून रशियन टोळी बिनधास्त गोळीबार करत, हेलिकॉप्टर घेऊन फिरते आहे. निदान मला तरी त्यात एकही भारतीय जवान दिसला नाही. काकांनी पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, "आपली मिलिटरी सुट्टीवर आहे का?"

हॉस्टेलवर परत आल्यावर हे सगळं मी सम्याला सांगितलं. सम्याचं म्हणणं सरळ होतं, "यार, गेम आहे तो. लॉजिक हवं असेल तर डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स वाच." मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आत्ताही पटत नाही. कारण आपण सगळं माफ करत नाही ना! सहा गोळ्या खाऊन भिंतीआड पाच सेकंद बसलं की जखमा भरतात, यावर कुणी भांडत नाही. तो खेळाचा नियम आहे, खो-खोत पाटी असते तसा. पण घोस्ट मेल्यावर याच सम्याने "शेफर्ड असं का करेल यार" म्हणून रात्री दोनपर्यंत डोकं खाल्लं होतं. म्हणजे गोळ्यांचं लॉजिक नको, पण माणसाचं लॉजिक हवंच.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत हे मला काकांना गोष्ट सांगतानाच कळलं. एक 'शक्य' आणि दुसरा 'पटण्यासारखं'. इंग्रजीत विचार करताना मी दोन्ही एकाच पिशवीत टाकत होतो. आता २६ नोव्हेंबर २००८ घ्या. कराचीहून समुद्रमार्गे दहा जण निघतात. पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवतात. रात्री रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरतात आणि तिथले लोक त्यांना हटकतातही. पुढे जवळजवळ साठ तास मुंबई ठप्प. एनएसजीचे कमांडो मानेसरहून निघून, दिल्लीहून विमानाने मुंबईत पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडलेली. आणि त्यातल्या एकाला जिवंत पकडलं ते गिरगाव चौपाटीवर, सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी. हातात फक्त लाठी असताना त्यांनी त्याची रायफल धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. हे कुणी गेमसाठी लिहून दिलं असतं तर आपण काय म्हटलं असतं? 'लाठीवाला हवालदार एके-४७ वाल्याला पकडतो? काहीही!' पण घडलं. त्यात पिशवीतला हिशेबही आहे. डिझेल कुठून? पळवलेल्या बोटीतून. कुणी बघितलं नाही का? बघितलं. कमांडो उशिरा का? विमान यायला वेळ लागतो म्हणून. गेममध्ये हेलिकॉप्टर दहा सेकंदांत हजर असतं.

असो. तर पहिल्या भागाकडे येतो, कारण काकांना त्यातला एक माणूस भयंकर आवडला.

पहिल्या 'मॉडर्न वॉरफेअर'मध्ये एक मिशन १९९६ सालातलं आहे, चेर्नोबिलजवळच्या प्रिप्यात या ओसाड शहरातलं. कॅप्टन मॅकमिलन आणि तरुण प्राइस गवताचा वेश घालून सरपटत जातात आणि झाकाएव्ह नावाच्या शस्त्रांच्या व्यापाऱ्यावर लांबून गोळी झाडतात. मॅकमिलन सांगतो, झेंड्याकडे बघ, वारा बघ, वारा पडेपर्यंत थांब. काका एकदम म्हणाले, "हा माणूस शहाणा आहे." अख्ख्या मालिकेत काकांनी पास केलेला एकमेव अधिकारी.

मागे आजी येऊन उभी होती. पडद्यावर रिकाम्या इमारती, रिकामा पोहण्याचा तलाव, थांबलेला आकाशपाळणा. तिने विचारलं, "इथली माणसं कुठे गेली?" आजीचं माहेर पोफरणचं. पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं आमच्याकडच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी उठली. आजी नव्या वसाहतीलाही माहेरच म्हणते, पण 'जुन्या पोफरणात' हा शब्द दिवसातून एकदा तरी येतोच. मी तिला सांगितलं की प्रिप्यातची एकोणपन्नास हजार माणसं २७ एप्रिल १९८६ ला दुपारी बसमध्ये बसवून नेली आणि तीन दिवसांत परत येऊ असं त्यांना वाटत होतं. आजी म्हणाली, "हं." आणि आत गेली. गेममध्ये ही माणसं नाहीतच. लपायला इमारती हव्या होत्या, त्या आहेत.

मला इथे राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. चेर्नोबिलच्या अंगणात गोष्ट नेऊन ठेवली आणि त्यातला खरा ट्विस्ट कुणी उचललाच नाही! गेमवाल्यांनी तिथे वापरलेल्या इंधनकांड्यांचा सौदा दाखवला. (वापरलेली इंधनकांडी इतकी किरणोत्सारी असते की ती जाड कवचाच्या पिंपातूनच हलवावी लागते. सूटकेस बदलून होणारा हा धंदा नाही.) खरं काय झालं होतं? २६ एप्रिलच्या पहाटे चौथ्या अणुभट्टीवर एक चाचणी चालू होती, तीही सुरक्षिततेची. वीज गेली तर फिरत्या टर्बाइनच्या उरलेल्या वेगावर पंप थोडा वेळ चालतील का, हे बघायची. चाचणी लांबली, भट्टीची शक्ती नको तितकी खाली गेली, ती वर आणायला जवळजवळ सगळ्या नियंत्रक कांड्या बाहेर काढल्या. शेवटी भट्टी बंद करायचं बटण दाबलं. त्या कांड्यांच्या टोकांना ग्रॅफाइट होतं, त्यामुळे आत शिरताना त्यांनी आधी प्रक्रिया मंदावण्याऐवजी वाढवली. म्हणजे ब्रेक दाबला आणि गाडी सुसाट सुटली. याच्यापेक्षा मोठा ट्विस्ट कुठल्या लेखकाला सुचणार आहे? आणि यात कुणी गद्दार नाही. रात्रपाळीची माणसं, घाई आणि एक डिझाइन. पण गेमच्या गोष्टीत असं चालत नाही. तिथे स्फोट झाला की मागे कुणीतरी दाढीवाला नाहीतर जनरल असावाच लागतो.

आणि दोष फक्त गेमवाल्यांना कशाला द्यायचा, आपल्यालाही तेच हवं असतं. मार्च २०१८ मध्ये मी सातवीत असताना एका रात्री प्रचंड आवाज झाला, घराची दारं थडथडली. सगळं गाव रस्त्यावर. कुणी म्हणे भूकंप. कुणी म्हणे अणुकेंद्र उडालं. शेजारचे एक जण ठामपणे म्हणाले, पाकिस्तानने बॉम्ब टाकला, त्यांच्या मेव्हण्याला व्हॉट्सॲपवर आलंय. मी मनातल्या मनात पाकिस्तानच्या बाजूने होतो, म्हणजे त्या थिअरीच्या बाजूने, कारण ती सगळ्यात भारी होती. काका मात्र लुंगी सावरत अंगणात आले, काही न बोलता मूठभर धूळ उचलून हवेत सोडली आणि म्हणाले, "वारा आपल्याकडे नाही. पोरांना आत घ्या, खिडक्या लावा." सकाळी कळलं, तारापूर एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला होता आणि माणसं गेली होती. पाकिस्तानवाल्या शेजाऱ्यांचा चेहरा जरा पडलेला वाटला, आणि खरं सांगायचं तर माझाही. त्याची लाज पुढे कधीतरी वाटली.

ट्विस्ट मुळातच वाईट असं मला म्हणायचं नाही. 'ब्लॅक ऑप्स' (२०१०) ज्यांनी खेळला नाही त्यांनी हा परिच्छेद गाळावा. त्यात मेसनबरोबर सतत असणारा रेझनोव्ह खरं तर वर्षांपूर्वीच मेलेला असतो, मेसनला तो फक्त दिसत असतो. हे कळल्यावर मी गेम पुन्हा पहिल्यापासून खेळलो. बघतो तर काय, व्हिएतनामपासून पुढे रेझनोव्ह बोलतो तेव्हा बाकीचे कुणी त्याला उत्तरच देत नाहीत! माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. याला म्हणतात कलाटणी. शेफर्डच्या बाबतीत मागे जाऊन काही सापडत नाही. तो गोळी घालतो आणि मग कारण सांगतो. व्हायव्हामध्ये आपण आधी उत्तर देतो आणि मग त्याला जुळेल असं डेरिव्हेशन शोधतो, त्यातलाच प्रकार.

एवढं सगळं ज्ञान असलेल्या मी स्वतः काय केलं, ते आता सांगतो.

टेक फेस्टसाठी आम्ही चौघे गेम बनवत होतो. कोडिंग सम्या आणि डीजेचं, थ्री-डी मॉडेल्स पाटीलची, स्टोरी माझी. नाव 'कोस्टल स्ट्राइक'. तारापूरच्या किनाऱ्यावर रात्री अतिरेकी उतरतात, लक्ष्य अणुवीज केंद्र. हिरो कमांडो. त्याला खाडीतल्या वाटा दाखवणारा एक म्हातारा मच्छीमार, हसरा, विडी ओढणारा, वारा ओळखणारा. हे पात्र कुणावरून घेतलं ते सांगायला नको. आणि शेवटच्या लेव्हलला ट्विस्ट. तो म्हाताराच फितूर! त्यानेच अतिरेक्यांना वाट दाखवलेली असते. मी हे रूममध्ये सांगितलं तेव्हा सम्याने अक्षरशः टाळ्या वाजवल्या होत्या.

जूनमधल्या त्याच आठवड्यात, लाइट गेलेली असताना, मी मोठ्या कौतुकाने ही गोष्ट काकांना सांगितली. मला वाटलं, आपला समुद्र आहे, आपली खाडी आहे, डिझेलचाही हिशेब मी नीट घातलाय, आता काढा म्हणावं चूक.

काकांच्या हातातली सुई थांबली.

"किती पैसे घेतले त्याने?"

पैशांचं मी काही ठरवलं नव्हतं.

"मग का केलं?"

"ट्विस्ट आहे काका. ज्याच्यावर कुणाला संशयच येणार नाही असा माणूस घ्यायचा असतो."

"कुणाला येणार नाही?" काका म्हणाले. "पहिला आमच्यावरच येतो."

आवाज चढला नव्हता. पुढे ते जे बोलले ते मी याआधी कधी ऐकलं नव्हतं, कारण २००८ मध्ये मी चार वर्षांचा होतो आणि नंतर कुणी सांगितलं नाही. अतिरेकी मच्छीमारांच्या बोटीतून आले म्हटल्यावर कितीतरी दिवस मच्छी घेऊन बाजारात जाणाऱ्याकडेही लोक वेगळ्या नजरेने बघत. मग ओळखपत्रं आली, बोटांचे ठसे झाले, प्रत्येक राज्याच्या बोटींना वेगळा रंग आला. "ते बरोबरच आहे," काका म्हणाले, "व्हायलाच पाहिजे होतं. पण त्या 'कुबेर'वरचे पाच जण कोण होते? खलाशीच ना? सगळ्यात आधी तेच मेले." मग जरा थांबून म्हणाले, "आणि वडराईचा?"

वडराई आमच्या दक्षिणेला, पालघर तालुक्यातच. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी गुजरातमधल्या ओख्याजवळच्या समुद्रात 'जलपरी' या मासेमारी बोटीवर पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने गोळीबार केला. त्यात वडराईचा खलाशी गेला. वय ३२. त्या बोटीवर तो मजुरीसाठी होता. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाचीही स्वप्नं बघत नव्हतो, अकरावी-बारावीत ऑनलाइन लेक्चर म्यूट करून याच गेम्स खेळत होतो. बातमी मी वाचली होती आणि विसरलोही होतो. ती काकांच्या तोंडून ऐकताना पहिल्यांदा मोजलं, काका त्या वर्षी कुठल्या समुद्रात होते.

काकांनी सुई पुन्हा चालू केली. रागावले नव्हते. उलट थोड्या वेळाने त्यांनीच विषय काढला. किनारपट्टीवर 'सागर कवच' नावाचा सराव होतो हे बहुतेकांना माहीत नसेल. एक पथक अतिरेकी बनून समुद्रातून घुसायचा प्रयत्न करतं आणि पोलीस, तटरक्षक दल, गावकरी त्यांना पकडतात. एकदा अशा पथकाची बोट काकांनी ओळखली होती. कशी? बोट बंदराकडे परतत होती, डेकवर जाळं होतं, माणसं लुंगी-बनियनवर होती, सगळं बरोबर. "फक्त जाळं कोरडं होतं," काका म्हणाले. "आणि वर एकही पक्षी नव्हता. मासळी घेऊन येणाऱ्या बोटीवर पक्षी नाहीत असं होतं का कधी?"

मी त्या रात्री वहीत फक्त एवढंच लिहिलं, 'कोरडं जाळं, पक्षी नाहीत.'

जुलैत हॉस्टेलवर येऊन मी टीमला सांगितलं की स्टोरी बदलायची. जी काय भांडणं झाली ती आमच्या विंगला पाठ आहेत. नव्या गोष्टीत आपण कमांडो नाही, मच्छीमार आहोत. रात्री समुद्रात ओळखीची बोट दिसते. तिचा तांडेल आपला जुना मित्र, पण तो हाकेला ओ देत नाही, दिवा विझवून जातो. आपल्याला वाटतं, हा फितूर झाला. शेवटी कळतं की बोट पळवलेली आहे, तांडेलच्या पाठीला बंदूक आहे, आणि त्याला जेवढं करता येत होतं तेवढं तो करत होता. बावटा उलटा लावलेला, जाळं चुकीच्या बाजूला टाकलेलं. म्हणजे दुसऱ्या मच्छीमारालाच कळेल अशा खुणा. गेम परत खेळलं तर सगळं पहिल्या मिनिटापासून दिसतं. खुणा ओळखून किनाऱ्यावर कळवलं तर पुढचं मिशन उघडतं. नाही कळवलं तर बोट शांतपणे निघून जाते आणि गेम संपतो.

सम्या म्हणाला, "छान. मग शूट काय करायचं? पापलेट?"

शेवटी तडजोड झाली. नंतरच्या भागात सागरी पोलिसांची गस्ती नौका आणि पाच मिनिटांचा गोळीबार ठेवला. तो मला आजही लटकवल्यासारखा वाटतो, पण डीजेने त्यावर तीन आठवडे घालवले होते. नाव बदलून 'मतलई' ठेवलं, कारण गोष्ट रात्रीची आहे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा. नाव सगळ्यांना आवडलं. अर्थ मलाच दोनदा शाळेच्या भूगोलातून सांगावा लागला.

टेक फेस्टला आम्हाला नंबर नाही आला. बहुतेकांनी दुसऱ्या मिनिटाला विचारलं, "गन कधी मिळते?" एक फर्स्ट इयरची मुलगी मात्र तीन वेळा खेळली. तिसऱ्या वेळी पडद्याला बोट लावून म्हणाली, "थांब, याचा झेंडा उलटा होता?" आमच्या चौघांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे होते. सम्याने तिला चहा पाजला.

दिवाळीत गेम घरी नेला. काकांना कीबोर्ड झेपेना, म्हणून बाण मी दाबत होतो आणि ते "डावीकडे, डावीकडे, अरे मंद कर इंजिन" म्हणून सांगत होते. जाळं बघून मान हलवली. पक्षी नाहीत हे त्यांनी लगेच ओळखलं. तांडेलची बोट जवळ आली तसे ते पुढे वाकले. मी श्वास रोखून वाट बघत होतो.

"बावटा चुकलाय," काका म्हणाले.

"बरोबर!" मी ओरडलो. "तो उलटा आहे. तीच खूण आहे!"

"उलटा आहे ते दिसलं मला. फडकतोय कुठे ते बघ. पहाटे तीनची वेळ म्हणतोस ना? वारा जमिनीकडून. मग बावटा समुद्राकडे जायला पाहिजे. हा जमिनीकडे चाललाय."

गेमचं नाव मतलई, आणि आमच्या सगळ्याच्या सगळ्या बोटींचे बावटे संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्यावर फडकत होते. रात्री साडेदहाला सम्याला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "लाटांची दिशा पण तिथूनच घेतली होती रे."

कॉमन रूममधल्या पीसीवर अजून जुनीच आवृत्ती आहे. सबमिशन संपेपर्यंत ती दुरुस्त होईल असं दिसत नाही. तोवर ज्यांना खेळायचं असेल त्यांनी वेळ पहाटेची न धरता संध्याकाळची धरून खेळावं.